स्वस्त शाईपेनाची निब बदलताय? आधी या चुका टाळा

आमच्या गिरगावच्या घरी रविवारी सकाळी कुणी ना कुणी पेन घेऊन येतं. मी मुद्रितशोधनाचं काम करते. प्रुफं अजूनही कागदावर, शाईच्या पेनानेच तपासते. त्यामुळे पेन उघडणं, धुणं, निब बदलणं हाताच्या सवयीचं झालंय आणि शेजारपाजारी ते ठाऊक आहे. येणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं: "नवीन निब घातली, पण उमटत नाही. खराब निघाली वाटतं." मी निब काढून बघते. ती धडधाकट असते. कुणी ती तिरकी बसवलेली असते, कुणी अर्धवट दाबलेली, तर कुणी निबेखालच्या भलत्याच तुकड्यावर चढवलेली.

दीडशे-दोनशे रुपयांच्या पेनात आपल्या अक्षराला मानवणारी निब घालणं हा फार समाधानाचा उद्योग आहे. महागडं पेन न घेताही हवी तशी रेघ मिळते. पण त्याच त्या चुकांपायी चांगल्या निबा वाया गेलेल्या पाहिल्या की वाईट वाटतं.

निब एकटी ओढणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगते.

निबेखाली काळा, खाचाखाचांचा तुकडा असतो. दुकानात त्याला फीड म्हणतात, आमच्या घरात वडिलांपासून जीभ. लिहिण्याचं निम्मं काम ही जीभ करते. तिच्या पाठीवरच्या बारीक पन्हळीतून शाई निबेच्या भोकापर्यंत येते, तिथून चिरेत शिरते आणि टोकाकडे जाते. जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा जिभेवाटेच आत जाते. जास्तीची शाई आडव्या खाचा धरून ठेवतात, म्हणून कागदावर डाग पडत नाही. हे सगळं चालतं ते निब आणि जीभ एकमेकींना चिकटून असतात तोवर. म्हणून त्या दोघींना कायम जोडी समजावं.

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मुख्य परीक्षेला चार दिवस राहिले होते आणि त्याने पेनाच्या चौपट किमतीची जर्मन निब मागवली. रात्री अकराला दार वाजलं. "काकू, जुनी निब निघत नव्हती म्हणून पक्कड लावली." निब निघाली होती, पण पक्कडीच्या दातांनी तिचे खांदे चेपले होते. जीभ आतच राहिली होती. मग त्याने टाचणीने उकरून जीभ काढायचा प्रयत्न केला आणि तिच्या पन्हळीत ओरखडा पाडला. त्या ओरखड्यावर नवी कोरी निब बसवली, ती एक ओळ लिहून कोरडी पडायची. त्याचा राग निबेवर होता. "व्हिडिओत तर पंधरा सेकंदांत निघते," तो म्हणाला. त्या व्हिडिओतलं पेन आधी धुतलेलं असतं, त्यात वाळलेली शाई नसते, हे कुणी सांगत नाही.

माझी पद्धत अशी. पेन आधी साध्या पाण्याने धुते. मग निबेची बाजू पाण्याच्या वाटीत बुडवून रात्रभर ठेवते, कारण वाळलेली शाई डिंकासारखी धरते. सकाळी सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी घेते, निब आणि जीभ दोन्ही तिच्यात धरते आणि बोटं पेनाच्या मानेच्या, म्हणजे निब जिच्यात खोचलेली असते त्या भागाच्या, जितकी जवळ नेता येतील तितकी नेते. मग सरळ रेषेत ओढते. डावीउजवीकडे हलवत नाही, पिळत नाही. नाही निघाली तर पेन परत पाण्यात, अजून एक रात्र. माझ्याकडे पक्कड आहे, ती नळाच्या कामाला.

एक अपवाद सांगायला हवा. लॅमी सफारीसारख्या पेनात निब जिभेच्या कडांवर सरकवून बसवलेली असते. तिथे जीभ जागेवरच राहते. निबेवर चिकटपट्टी लावून एकटी निब पुढे सरकवायची. पण बहुतेक स्वस्त पेनांत, आणि आपल्या मुंबईच्या एअरमेल, वॉलिटीच्या पेनांतही, जोडी नुसत्या दाबाने बसलेली असते. म्हणून शिकायला ती उत्तम.

परत बसवताना मानेच्या आत टॉर्च मारून बघा. काही पेनांत जिभेसाठी सपाट कड किंवा खाच असते आणि जीभ एकाच बाजूने आत जाते. बाहेरच निब जिभेवर ठेवा, निबेची चीर पन्हळीच्या बरोबर मधोमध आणा आणि जोडी तशीच अडेपर्यंत आत ढकला. टोकावर दाब द्यायचा नाही, कडांना धरायचं. जिभेचं टोक साधारण निबेच्या भोकाच्या आणि अणीच्या मध्ये यायला हवं. मग पेन ट्यूबलाइटसमोर आडवं धरा. निब आणि जीभ यांच्यामधून उजेड दिसला तर काम झालेलं नाही, पुन्हा काढा.

उकळतं पाणी

ही चूक माझ्या हातून झाली आहे, आणि तिची हळहळ अजून आहे.

वडिलांची पेनं एबोनाइटची होती. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते गरम पाण्यात किंचित मऊ पडतं. वडील निब बसवून पेनाचं फक्त टोक वीस-तीस सेकंद कढत पाण्यात धरत, मग अंगठ्याने निब आणि जीभ दाबून गार होईतो थांबत. जीभ निबेचा आकार घ्यायची आणि पेन वर्षानुवर्षं चालायचं. मी हे लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून स्वतःच्या पहिल्या स्वस्त पेनात नवी निब घातली तेव्हा तेच केलं. पाणी उकळतं होतं, आणि त्या पेनाची जीभ प्लास्टिकची. बाहेर काढलं तेव्हा जीभ निबेपासून खाली झुकली होती आणि मानेचं तोंड लंबगोल झालं होतं. त्यात मग कुठलीच निब घट्ट बसेना. पेन माझ्या आत्याने नोकरी लागल्यावर दिलेलं होतं. ते अजून कपाटात आहे, पण लिहीत नाही.

तेव्हा आधी जीभ कशाची आहे ते ओळखा. कोरड्या अंगठ्याने ती जोरात घासा आणि वास घ्या. एबोनाइटला रबराचा, गंधकाचा वास येतो. ते थोडं मंद दिसतं आणि करवतीने कापल्याच्या खुणा असतात. प्लास्टिकची जीभ चकचकीत असते आणि तिच्या कडेला साच्याची बारीक रेघ सापडते. जीभ प्लास्टिकची असेल तर कढत पाणी जवळ आणू नका. एबोनाइटची असली तरी टोकच बुडवा. पूर्ण पेन पाण्यात टाकलं तर काळा रंग विटतो, मातकट होतो, आणि घासून-पुसून तो परत येत नाही.

"सहा नंबरची आहे ना, मग बसेलच"

नाही. नंबर म्हणजे ढोबळ माप. साधारणपणे तो जिभेच्या जाडीच्या जवळपास जातो, पण निबेची वक्रता, शेपटीची रुंदी आणि लांबी कारखान्यागणिक बदलते. बॉक आणि जोवो या दोन्ही जर्मन कंपन्या. दोघींच्या सहा नंबरच्या निबा शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही. पण त्यांच्या जिभेची जाडी वेगळी आहे आणि एकीचं हाउसिंग, म्हणजे निब आणि जीभ धरणारी नळी, दुसरीच्या पेनात बसत नाही. आपल्याकडे निबा मिलिमीटरमध्येही विकतात. कानपूरच्या कॅनराइटची 35 मिलिमीटरची निब बऱ्याच सहा नंबरी पेनांत जाते. तरी माझा नियम एकच: मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला जा किंवा फोर्टात, पेन बरोबर न्या, जिभेवर निब ठेवून बघा, मगच पैसे द्या. नुसता फोटो पाहून निब मागवणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा मनस्तापच येतो.

लांबीचा दुसरा धोका टोपणात असतो. नवी निब जुनीपेक्षा मिलिमीटरभर जरी बाहेर आली, तरी टोपण फिरवताना तिची अणी आतल्या तळाला आपटू शकते. एकदा टोक दुमडलं की संपलं. झाडूची काडी टोपणात घालून खोली मोजा, निब मानेबाहेर किती येते ते मोजा, आणि पहिल्यांदा टोपण अगदी हळू लावा.

देवनागरीला 1.1 ची सपाट निब

"अक्षर सुंदर व्हावं म्हणून स्टब घेतली" असं सांगणारे आता खूप भेटतात. 1.1 मिलिमीटरची सपाट निब उभी रेघ जाड आणि आडवी रेघ बारीक काढते. रोमन लिपीला ते शोभतं. देवनागरीत मात्र शब्द शिरोरेषेला लटकलेला असतो आणि तीच बारीक पडते, त्यामुळे ओळ सैल दिसते. आपल्या बोरूची अणी रोमन टाकाच्या उलट्या तिरकसाने कापतात, ती उगाच नाही. शिवाय सरावाची वही लहान ओळींची असेल तर 'ष्ट', 'क्ष', 'द्ध' यांची पोटं शाईने भरतात. रोजच्या मराठी लिखाणाला गोल अणीची मीडियम घ्या. प्रुफासारख्या, दोन ओळींमध्ये लिहायच्या कामाला फाइन. सपाट निब शीर्षकांसाठी वेगळ्या पेनात ठेवा.

निब खरखरते म्हणून पॉलिश पेपर

कृपा करून थांबा. खरखर बहुतेक वेळा चिरेच्या दोन बाजूंच्या पात्यांची टोकं वरखाली झाल्याने येते. अणीवर कठीण धातूचा इवलासा थेंब असतो, आणि पॉलिश पेपरवर फिरवून तुम्ही तोच घालवता. झवेरी बाजाराकडे सोनारांच्या सामानाच्या दुकानांत दहा पटीचं भिंग मिळतं, ते घ्या. निब समोरून बघा. एक पातं वर असेल तर नखाने त्याला हलकेच खाली दाबा, पुन्हा बघा, पुन्हा दाबा. मला कधी कधी याला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात हाताला निबेची ओळख होते, म्हणून घाई करणाऱ्यांना मी मुद्दाम हेच काम देते.

शाई कमी येते म्हणून चिरेत ब्लेड घालणारेही आहेत. दाढीचं ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतं आणि त्याची धार चिरेच्या कडा खरवडते. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात 0.05 मिलिमीटरची पितळी शिम शीट, म्हणजे पातळ पत्रा, मागा. तिची चिंचोळी पट्टी कापून चिरेतून दोन-तीनदा ओढली की पुरे.

आता बाकीच्या चुका भराभर सांगते.

नवी निब न धुता घालू नका. कारखान्यातलं तेल तिच्यावर असतं आणि शाई त्यावरून घसरते. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात घालून धुवा, मग साध्या पाण्याने.

निब सैल आहे म्हणून फेविक्विक लावू नका. असं पेन माझ्याकडे आलं तर मी ते दुरुस्त करू शकत नाही.

बेसिनवर काम करू नका. परातीत पाणी घ्या. माझी एक निब जाळीतून मोरीत गेली, तेव्हापासून परातच.

चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई भरू नका. नवी निब पारखायला कॅमलची रॉयल ब्लू बरी, सहज धुतली जाते. कॅमलच्या दांडेकरांनी 1931 साली मुंबईत शाईची पूड करून सुरुवात केली, त्या परंपरेतली ही शाई आमच्या घरात कायम असते.

पेन नुसतं दौतीत बुडवून "चालतंय" म्हणू नका. बुडवल्यावर जीभ तुडुंब भरते आणि वाईट बसलेली निबही चार ओळी लिहिते. शाई भरून दोन पानं सलग लिहा, दहा मिनिटं टोपण लावून ठेवा आणि परत लिहा.

ड्रॉपरने भरायच्या पेनातून मे महिन्यात थेंब पडला की लोक नव्या निबेला दोष देतात. शाई तळाला गेली की वरची मोकळी जागा हवेने भरते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. अशा वेळी निब तपासण्याआधी पेन भरा. एक तृतीयांश शाई उरली की मी भरून घेते. मानेच्या आट्यांना व्हॅसलीन नको, सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन रबरी रिंग खातं.

आणि निब बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी पेन खिशात घालून लोकल पकडू नका. दोन दिवस घरी लिहा. बाहेर न्यायचंच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत, निब वर करून.

वरच्या मजल्यावरच्या त्या मुलाच्या पेनाचं त्या रात्री हे केलं: माझ्या डबीतल्या एका जुन्या पेनाची जीभ त्याच्या मानेत बसली. जुन्या निबेचे चेपलेले खांदे लाकडी पेन्सिलीवर ठेवून चमच्याच्या पाठीने हळूहळू सरळ केले. तीच निब परत घातली. नवी निब कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून त्याच्या हातात दिली आणि परीक्षा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही असं बजावलं. त्याने सगळे पेपर जुन्या निबेने लिहिले. नंतरच्या रविवारी तो सायकलच्या ट्यूबची पट्टी स्वतः कापून घेऊन आला.