लॅपटॉप नसला तरी चालतं: पेनड्राइव्ह, कीबोर्ड, प्रिंटर थेट फोनला कसा जोडायचा

आमच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, दुरुस्तीचा आकडा ऐकून तो तसाच कपाटात ठेवला आणि तेव्हापासून घरातली सगळी कामं फोनवरच चालू आहेत. भाचीची टायपिंगची प्रॅक्टिस, आईच्या सातबाऱ्याची प्रिंट, लग्नातले फोटो पेनड्राइव्हवर घेणं, सगळं. बऱ्याच जणांना वाटतं की पेनड्राइव्ह म्हटलं की कॉम्प्युटर पाहिजेच, मग आधारची पीडीएफ, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले सगळं झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि ते तिथेच पडून राहतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण खिशातला फोन यातलं बहुतेक काम स्वतः करू शकतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक काम करा, बाकी काहीही विकत घ्यायच्या आधी. एक ओटीजी अडॅप्टर घ्या, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा आणि दुसऱ्या टोकाला पेनड्राइव्ह, माउस लावता येणारा छोटा जोड (टाइप-सी किंवा जुना मायक्रो, जसं फोनचं चार्जिंगचं भोक असेल तसा, मोबाइलच्या कुठल्याही दुकानात मिळतो) आणि त्याला कुणाचा तरी साधा वायरचा माउस लावून बघा. स्क्रीनवर छोटासा बाण आला की समजायचं तुमचा फोन ओटीजी घेतो. माउसच का, तर त्याला करंट अगदी कमी लागतो आणि त्यात फॉरमॅटची भानगड नसते, म्हणजे माउस चालला आणि पेनड्राइव्ह नाही चालला तर दोष फोनचा नाही हे लगेच कळतं.

बाण नाही आला तर घाबरू नका, आधी सेटिंगमध्ये जाऊन वर सर्चमध्ये ओटीजी टाइप करा. ओप्पो, विवो, रिअलमी, वनप्लस अशा बऱ्याच फोनमध्ये ओटीजी कनेक्शनचं वेगळं बटण असतं आणि ते बंद असतं, चालू केलं तरी काही फोनमध्ये १० मिनिटं काही जोडलं नाही की आपोआप परत बंद होतं. कितीतरी लोकांनी यापायी चांगले अडॅप्टर खराब समजून फेकलेत. त्यानंतर अडॅप्टर बदलून बघा. मायक्रो यूएसबीच्या ओटीजी केबलमध्ये पाचपैकी एक पिन ग्राउंडला जोडलेली असते, त्यावरून फोनला कळतं की आता मी मालक आणि समोरचं उपकरण माझ्या हाताखाली, टाइप-सीमध्ये हेच काम सीसी नावाच्या पिनवरचा रेझिस्टर (एक छोटासा भाग) करतो. हे नसलेला नुसता जोड वरून हुबेहूब तसाच दिसतो पण काम करत नाही.

आयफोनवाल्यांसाठी: आयफोन १५ पासून टाइप-सी आलं, त्यामुळे टाइप-सीचा पेनड्राइव्ह थेट लागतो आणि फाइल्स अ‍ॅपमध्ये दिसतो. १४ पर्यंतच्या लायटनिंगवाल्या फोनला कॅमेरा अडॅप्टर लागतो, तो घेताना चार्जिंगचं भोक असलेलाच घ्या. आयओएस १३ च्या आधी फाइल्समध्ये पेनड्राइव्ह दिसायचाच नाही.

आता पेनड्राइव्ह. लावल्यावर नोटिफिकेशन येतं, त्यावर टच केलं की फाइल मॅनेजर उघडतो, कॉपी-पेस्ट नेहमीसारखं. पण कधीकधी येतं की ड्राइव्ह सपोर्ट होत नाही, सेटअप करायला टच करा, आणि तिथेच लोक घाईत पुढे पुढे दाबत फॉरमॅट करून, म्हणजे आतलं सगळं पुसून बसतात!! थांबा. ड्राइव्ह बहुतेक वेळा चांगला असतो, फक्त तो एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनना ते वाचता येत नाही. आतला डेटा हवा असेल तर तो आधी कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर काढून घ्या आणि मगच फॉरमॅट करा. फॅट ३२ जवळपास सगळीकडे चालतं, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, लग्नाचा अख्खा व्हिडिओ कॉपी होताना मध्येच एरर येते ती यामुळेच. नवीन फोन असेल तर एक्सफॅट करा, त्यात ही अडचण नाही.

एक गोष्ट हमखास उपयोगी पडते. पेनड्राइव्ह बाहेरच्या कॉम्प्युटरला लावून आणला आणि त्यात फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसायला लागले, तर रडू नका, तो व्हायरस बहुतेक वेळा फाइली उडवत नाही, फक्त लपवतो. फोनला ओटीजीने लावा, लपवलेले फोल्डर फोनमध्ये बऱ्याचदा सरळ दिसतात. ते फोनमध्ये कॉपी करून घ्या. ते शॉर्टकट विंडोजसाठी असतात, अँड्रॉइडवर चालत नाहीत.

आणि काढताना इजेक्ट करूनच काढा, नोटिफिकेशनमध्ये किंवा सेटिंगच्या स्टोरेजमध्ये बटण असतं. भावाच्या मुलाच्या बारशाचे व्हिडिओ मी पेनड्राइव्हवर टाकले, पट्टी १०० टक्क्यांवर गेलेली बघितली आणि लगेच उपसला. फाइलींची नावं सगळी दिसत होती, साइजसुद्धा बरोबर, पण शेवटचे २ व्हिडिओ उघडलेच नाहीत आणि तोवर मी फोनमधून ते डिलीट केले होते. आजी बाळाचं नाव कानात सांगते तो व्हिडिओ त्यातच होता. स्क्रीनवर कॉपी झालं असं दिसलं तरी आत लिहिणं थोडा वेळ चालूच असतं, म्हणून आता मी इजेक्ट करते, परत लावते, एकेक व्हिडिओ उघडून बघते आणि मगच फोनमधला डिलीट करते.

पोर्टेबल हार्ड डिस्क लावली आणि आतून टिक टिक आवाज येऊन परत परत कनेक्ट-डिस्कनेक्ट होत असेल तर तिला करंट पुरत नाहीये. आत फिरणारी तबकडी असते, ती सुरू होतानाच जास्त ओढते आणि फोन तेवढं देऊ शकत नाही. लगेच काढा, तसंच चालू ठेवलं तर डिस्कच जाईल. चार्जरने चालणारा यूएसबी हब मध्ये लावला की हीच डिस्क व्यवस्थित चालते. नवीन घेणार असाल तर एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारी तबकडी नसते.

कीबोर्ड सगळ्यात सोपा. वायरचा असो किंवा डोंगलवाला, ओटीजीला लावला की चालू, ब्लूटूथवाला पेअर करायचा. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल झेड चालतात, ऑल्ट-टॅबने अ‍ॅप बदलता येतात. भाची जीसीसी-टीबीसीच्या (सरकारी कॉम्प्युटर टायपिंगच्या) इंग्लिश ३० च्या परीक्षेसाठी रोज फोन डब्याला टेकवून असाच सराव करते, क्लासचा कॉम्प्युटर मिळायची वाट बघावी लागत नाही. परीक्षा कॉम्प्युटरवरच असते त्यामुळे शेवटचे काही दिवस क्लासलाच बसा, पण बोटं घरीच बसतात. फोनचा लेआउट मात्र फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तपासा, नाहीतर शिफ्ट २ दाबल्यावर अ‍ॅट द रेटच्या जागी भलतंच उमटतं.

प्रिंटरबद्दल जरा जास्त सांगते कारण सगळे इथेच अडकतात. प्रिंटरची यूएसबी केबल ओटीजीला लावली की प्रिंट येईल असं वाटतं, पण माउससारखं ते नसतं, त्या कंपनीच्या अ‍ॅपने केबलवरून प्रिंट द्यायची सोय केलेली असेल तरच चालतं. म्हणून प्रिंटर घेतानाच वायफायवाला घ्या. घरात राउटर असेल तर प्रिंटर आणि फोन एकाच वायफायवर आणा, पीडीएफ उघडा, तीन टिंबांवर जाऊन प्रिंट दाबा. अँड्रॉइड ८ पासून प्रिंटची सर्व्हिस फोनमध्येच असते, प्रिंटर दिसला नाही तर मोप्रिया प्रिंट सर्व्हिस हे अ‍ॅप टाकून बघा. आयफोनला प्रिंटर एअरप्रिंटवाला (अ‍ॅपलची वायफाय प्रिंटची सोय असलेला) पाहिजे, मग शेअरमध्ये जाऊन प्रिंट.

राउटर नाही? आमच्याकडेही नव्हतं. मग प्रिंटरचं वायफाय डायरेक्ट चालू करा, फोनच्या वायफाय लिस्टमध्ये डायरेक्ट अशा शब्दाने सुरू होणारं नाव दिसेल, पासवर्ड प्रिंटरच्या सेटिंगमध्ये किंवा त्याच्या माहितीच्या प्रिंटवर असतो. जोडल्यावर फोन विचारतो की यावर इंटरनेट नाही, तरी कनेक्टेड राहायचं का, तिथे हो म्हणा. नाही म्हटलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि प्रिंटर गायब. तेवढ्यापुरता डेटा बंद ठेवला तर सगळ्यात बरं. आणि प्रिंट देण्याआधी कागद ए४ आहे का बघा, लेटर असेल तर सातबाऱ्याची खालची ओळ कापली जाते आणि पान परत काढावं लागतं. मराठी मजकूर असेल तर आधी पीडीएफ करा आणि तीच द्या, म्हणजे जोडाक्षरं फुटत नाहीत.

दुकानासाठी छोटा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर घेतला असेल तर पिन बहुतेक वेळा ०००० किंवा १२३४ असतो. मराठी बिल छापताना चौकोन किंवा चिन्हं आली तर प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही असं समजा आणि बिलिंग अ‍ॅपमध्ये इमेज म्हणून प्रिंटचा पर्याय शोधा.

माइकचं थोडक्यात: कॉलर माइकच्या पिनवर काळ्या पट्ट्या मोजा. २ असतील तर तो कॅमेऱ्याचा, फोनला ३ पट्ट्यांची पिन लागते, तसा कन्व्हर्टर मिळतो. टीव्हीला जोडायला टाइप-सी ते एचडीएमआय केबल घ्यायच्या आधी तुमच्या मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट किंवा व्हिडिओ आउट लिहिलंय का ते वाचा, बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ते नसतं आणि मग कितीही महाग केबल आणली तरी टीव्ही काळाच राहतो. असा फोन असलेल्यांनी केबलच्या नादी न लागता वायफायवरून स्क्रीन कास्ट करावी.