लाईट लावली की रॅम लपून बसतो? मग हे करून बघा

रॅम माशांची जोडी आणली तेव्हा पहिले दहा दिवस मी मासे पाळलेत का रिकामं पाणी तेच कळेना, सकाळी लाईट लावली की दोघं सटकन फिल्टरच्या मागे आणि रात्री बंद केली की मस्त फिरतायत. दुकानदार म्हणाला होता लाईट जास्त वेळ ठेवा, रंग खुलतो. खुलला असेलही, दिसायला तर पाहिजे ना!

रॅम म्हणजे जेमतेम दोन इंचाचा, सिक्लिड कुळातला मासा, मूळचा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. आणि माशाला पापण्या नसतात, बहुतेक माशांची बाहुलीपण आपल्यासारखी पटकन बारीक होत नाही, डोळा उजेडाला सरावायला बराच वेळ घेतो. त्यामुळे मिट्ट काळोखात एकदम एलईडी पेटली की तो घाबरणारच, आपल्याला झोपेतून उठवून तोंडावर टॉर्च मारल्यासारखं आहे ते.

लाईटच्या मागे लागायच्या आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषं) दोन्ही शून्य पाहिजे, तापमान 27 ते 30 डिग्री. नवीन टँकमधे घाईने सोडलेला रॅम कोपऱ्यातच बसतो, त्यात लाईटचा काही दोष नसतो.

पाणी ठीक असेल तर सकाळी आधी खोलीचा दिवा लावा किंवा पडदा उघडा, अर्ध्या तासाने टँकची लाईट. संध्याकाळी उलटं, आधी टँकची बंद मग खोलीची. एवढ्या एका सवयीनेच माझ्याकडे निम्मी पळापळ थांबली. आपल्याला रोज आठवत नाही म्हणून साधा टायमर घ्या, सुरुवातीला 6 तास पुरे.

मग उजेड कमी करा. डिमर असेल तर उत्तम, नसेल तर लाईट सात-आठ इंच वर टांगा (वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू देऊन मग वर सॉकेटकडे न्या, म्हणजे पाणी ओघळत प्लगमधे जात नाही), किंवा एकाच बाजूला सरकवा म्हणजे अर्धा टँक सावलीत राहतो आणि कुठे बसायचं ते मासा ठरवतो. तरंगणारी झाडं पण छान सावली देतात, फक्त तळ्यातून उचलून आणू नका, त्याबरोबर गोगलगाई आणि चतुराच्या अळ्या येतात, त्या अळ्या छोटे मासे खातात.

खालून येणारा उजेड सगळे विसरतात. पांढरी किंवा ती भडक निळी खडी असेल तर उजेड उलटा वर फेकला जातो, रॅमला खाली-वर दोन्हीकडून झळाळी. बारीक गडद वाळू टाका, तसाही तो तोंडात वाळू घेऊन चाळत असतो, खडीत त्याला ते जमतच नाही. मागच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर चिकटवा.

आणि देशी बदामाची पानं! आपल्याकडे शाळेच्या आवारात, सोसायटीत, सगळीकडे ते झाड असतं. आपोआप गळलेली, वाळलेली, फवारणी नसलेल्या जागेची पानं धुवून दोन-तीन टाका, पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि उजेड आपोआप मऊ पडतो. घरचे म्हणतील पाणी घाण झालंय, म्हणू द्या. सोबत आडवी ठेवलेली मातीची कुंडी किंवा नारळाची करवंटी. लपायला जागा दिली तर मासा जास्त लपेल असं वाटतं पण होतं उलटं, पळायला जागा आहे म्हटल्यावर तो बिनधास्त बाहेर येतो. आठ-दहा कार्डिनल टेट्रा (थव्याने फिरणारे छोटे मासे) सोडले तर अजून बरं, ते निवांत फिरताना दिसले की रॅमला पण धोका नाही असं वाटतं.

खाणं लाईट लावल्या लावल्या देऊ नका, अर्ध्या तासाने द्या आणि तिथेच न हलता बसा.

आठवडाभराने लाईट रोज थोडी वाढवत न्या. अंग काळवंडलं, पंख मिटले, श्वास जोरात चालू झाला की एक पायरी मागे. चार-पाच दिवस खातच नाही आणि विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी दिसतेय तर ते नुसतं लाजणं नाही, पोटाचा आजार असू शकतो, त्यावर उपचार बघा.

आणि रात्री अकराला पाहुणे आले म्हणून खटकन लाईट लावून मासे दाखवू नका, सांगा उद्या दुपारी या.