ग्लुटेन म्हणजे काय ते धुऊनच बघा, मग ब्रेडकडे वळा

ग्लुटेन चांगलं की वाईट यावर वाद घालण्याआधी एकदा ते हातात घेऊन बघा, तासाभराचं काम आहे आणि लागतं फक्त मैदा अन् पाणी. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ६० मिली पाणी घालून घट्टसर गोळा करा, ८-१० मिनिटं नीट मळा आणि तो गोळा पाण्याच्या भांड्यात बुडवून अर्धा तास सोडून द्या. मग त्याच पाण्यात बोटांनी हलके हलके चोळायला लागा, पाणी पांढरंफटक होईल, तो स्टार्च. पाणी बदला, परत चोळा. मधेच एक वेळ अशी येते की गोळा विस्कटायला लागतो, तुकडे सुटतात आणि वाटतं गेलं सगळं, तेव्हा घाबरायचं नाही, खाली चाळणी धरा, तुकडे गोळा करून दाबा, ते परत एकमेकांना धरतात. पाणी बऱ्यापैकी नितळ यायला लागलं की हातात जे पिवळट करडं, चावून चावून टाकलेल्या च्युइंग गमसारखं उरतं ते ग्लुटेन. वजन केलंत तर २५ ते ३५ ग्रॅम भरेल, पण त्यात दोन तृतीयांश पाणीच असतं. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बेक्कारींनी १७२८ मध्ये असंच पीठ धुऊन हा भाग वेगळा करून दाखवला होता, म्हणजे प्रयोग बराच जुना आहे.

आता गंमत अशी की कोरड्या पिठात ग्लुटेन नसतंच. असतात ती दोन प्रकारची प्रोटीन्स, ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन, आणि पाणी लागून ती एकमेकांत गुंतली की जाळं तयार होतं त्याला ग्लुटेन म्हणायचं. ग्लियाडिनमुळे पीठ ताणलं जातं, ग्लुटेनिनमुळे ते परत मागे येतं. म्हणून पाकिटावर प्रोटीन किती ते छापलेलं असलं तरी जाळं किती विणायचं ते तुमच्या हातात असतं, आणि ब्रेड, केक, बिस्किट यातला निम्मा फरक इथेच पडतो.

ब्रेडला हे जाळं भरपूर हवं, कारण यीस्ट जो गॅस सोडतं तो अडवून धरणार कोण? ओव्हनमध्ये गॅस फुगतो, जाळं ताणत जातं, मग उष्णतेने प्रोटीन आणि स्टार्च दोन्ही घट्ट बसतात आणि भोकं जिथल्या तिथे राहतात. १२ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असलेलं पीठ घ्या. आधी नुसतं पीठ आणि पाणी एकत्र करून २०-३० मिनिटं झाकून ठेवा, मग यीस्ट आणि पिठाच्या साधारण २ टक्के मीठ घालून मळा. निम्मं काम त्या झाकून ठेवण्यातच होऊन जातं, मळणं कमी लागतं. झालं का ते बघायला लिंबाएवढा तुकडा तोडून चारी बाजूंनी हळूहळू ताणा, पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला तर बास, लगेच फाटला तर अजून मळा. आकार देताना पीठ सारखं मागे खेचत असेल तर त्याच्याशी मारामारी नको, १५ मिनिटं झाकून ठेवा, आपोआप सैल पडतं. आणि मळायचा कंटाळा असेल तर पाणी जास्त घालून रात्रभर ठेवलं तरी जाळं आपलं आपण विणलं जातं, मला तर हीच पद्धत जास्त आवडते.

प्रोटीनचा आकडा डोळे झाकून मानू नका मात्र. कोंड्यासकटच्या पिठात आकडा मोठा दिसतो, पण सगळं प्रोटीन ग्लुटेन होत नाही आणि कोंड्याचे कण जाळ्याच्या आड येतात, म्हणून पाणी थोडं जास्त आणि भिजायला वेळ जास्त द्या. ड्युरम गव्हात प्रोटीन भरपूर, पास्त्याला उत्तम, पण ब्रेड त्याचा तितका फुगत नाही.

केक-बिस्किटाला सगळं उलटं. केकला ७-९ टक्के प्रोटीनचं पीठ, आणि ते एकदा घातलं की कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. बिस्किटाला लोणी आधी पिठात चोळून घ्या, कणांवर तूपट थर बसला की पाणी आत शिरत नाही, जाळं होत नाही, म्हणून ते खुसखुशीत होतं.

बार्ली आणि राय या धान्यांतही याच कुळातली प्रोटीन्स असतात. रवा गव्हाचाच, स्पेल्ट आणि खपली हेही गहूच, त्यामुळे खपली ग्लुटेन-फ्री असते म्हणून जे फॉरवर्ड फिरतं ते चुकीचं आहे. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी यांत हे ग्लुटेन नाही. त्यांचा ब्रेड करायचा तर जाळ्याचं काम दुसऱ्या कोणालातरी द्यावं लागतं, पिठाच्या साधारण ५ टक्के इसबगोल पाण्यात फुलवून घाला, मिश्रण सरळ साच्यात ओता आणि भाजल्यावर पूर्ण गार होईपर्यंत कापू नका, नाहीतर आत गिचका.

सिलिअॅक हा आजार ढोबळमानाने शंभरात एकाला असतो, त्यात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. अशा माणसाला सावरडोचा, म्हणजे नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाचा, गव्हाचा ब्रेडही चालत नाही, आणि ओट्स घ्यायचे तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण साधे ओट्स बऱ्याचदा गव्हाबरोबर मिसळलेले असतात. शंका असेल तर मनाने गहू बंद करू नका, आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करा, कारण गहू सोडून बरेच दिवस झाले की आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.