भात दुधावर आलंय, बंदूक बाहेर काढताय? आधी रिकाम्या नळीवर सेफ्टी तपासा

मंडळी, हळवं भात निसवलंय, काही कुणग्यांत (भाताच्या खाचरांत) दाणा दुधावर आलाय आणि आमच्याकडे घाटाखाली डुकरांनी बांध उकरायला सुरुवात पण केलीये. एका रात्रीत कळप येऊन गेला की अख्खा कुणगा लोळवून ठेवतो, खाल्लं थोडं आणि तुडवलं जास्त, हे ज्याचं गेलंय त्यालाच कळतं. म्हणून आता राखणीला माळे (मचाणं) बांधले जातायत, बॅटऱ्या चार्ज होतायत आणि ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे ते ती पेटीतून काढणारेत. हा सल्ला त्यांच्यासाठीच, आणि तो सगळा एकाच गोष्टीवर आहे, बंदुकीची सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असलेली कळ. ती नेमकं काय धरून ठेवते आणि काय धरत नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

चार वर्षांपूर्वी भाद्रपदातच मी घरची ३१५ बोअरची रायफल काढली. पावसाचे चार महिने कापडी कव्हरमध्ये गुंडाळून पेटीत पडलेली. मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) काढलं, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडून नळीत बोट घालून बघितलं, रिकामी. बोल्ट पुढे ढकलून बंद केला, सेफ्टी लावली आणि चाप ओढला, काही झालं नाही. ठीक आहे म्हणून चाप सोडला आणि अंगठ्याने सेफ्टी काढली, चापाला बोट नव्हतं हं, बोट पूर्ण बाहेर होतं, आणि टक्क करून पिन सुटली. तसाच बसून राहिलो दोन मिनिटं. नळीत काडतूस असतं तर ती गोळी समोरच्या पडवीतून पार झाली असती आणि पडवीत आई नाचणी निवडत होती. त्या दिवसापासून मी हे सगळ्यांना सांगत सुटलोय.

आता हे झालं कसं ते बघा. बोल्ट रायफलमध्ये काडतुसाच्या बुडाला ठोका मारणारी पिन असते, तिच्यामागे जोरकस स्प्रिंग असते आणि ती दाबून धरलेली असते सिअर नावाच्या एका छोट्या दातावर. चाप ओढला की तो दात खाली सरकतो, पिन सुटते, बार उडतो. सेफ्टीला या साखळीत कुठेतरी अडसर घालायचा असतो आणि तीन जागा आहेत, काही रायफलींत ती नुसता चाप अडवते, काहींत सिअर अडवते आणि काहींत थेट पिनलाच मागे धरून ठेवते. पिनला धरणारी सगळ्यात भरवशाची, कारण खालचा दात झिजला किंवा हिसक्याने सुटला तरी पिन जागची हलत नाही. नुसता चाप अडवणारी असेल तर दात स्वतःहून सुटला की सेफ्टी काहीच करू शकत नाही, तिला पत्ताही लागत नाही.

आपल्याकडची ३१५ ही ली-एनफिल्डच्या घराण्यातली. इंग्रजांनी ३०३ हा सैन्याचा बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद केला आणि मग बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीचा हा ३१५ बोअर हिंदुस्थानात चालला, पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीत तो बनायला लागला. हिची सेफ्टी डाव्या अंगाला, बोल्टच्या मागच्या टोकाशी, छोटी पट्टीसारखी. मागे वळवली की सेफ, पुढे केली की फायर. ही पिनलाच धरते. बोल्टच्या मागे जो बोंडासारखा तुकडा बाहेर दिसतो तो कॉकिंग पीस, पिन त्यालाच जोडलेली असते आणि सेफ्टीचा अर्धचंद्रासारखा कापलेला दांडा त्याच्या खाचेत बसतो. चांगल्या स्थितीतल्या रायफलीची सेफ्टी लावताना नीट बघा, कॉकिंग पीस अगदी केसभर मागे ओढला जातो, म्हणजे दातावरचा भार सेफ्टीने स्वतःकडे घेतला. ती केसभर हालचाल दिसत नसेल तर खाच किंवा दांडा झिजलाय असं समजा.

मग माझी का सुटली? सेफ्टी लावलेली असताना मी चाप ओढला, सिअर खाली गेला, पिन सेफ्टीने धरली म्हणून काही झालं नाही. पण चाप सोडल्यावर सिअरने वर यायला हवं होतं, तो आलाच नाही, जुन्या तेलाच्या राळेत आणि गंजात अडकून खालीच राहिला. मग मी सेफ्टी काढली तेव्हा पिनला धरायला कुणीच उरलं नव्हतं. दोष सेफ्टीचा नव्हता, तिच्याखालच्या दाताचा होता आणि तेल कुठलं, तर आम्हीच घातलेलं खोबरेल. मंडळी, खोबरेल तेल बंदुकीला लावू नका, ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि मार्गशीर्ष-पौषात पहाटे माळ्यावर थंडी किती असते ते तुम्हाला माहितीये. करडईचं तर वाळून गोंदच होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, दोन थेंब पुरे, आणि लावल्यावर पुसून काढा, ओथंबलेलं ठेवू नका कारण त्यावर धूळ बसते. आधीची राळ असेल तर रॉकेलने ब्रश मारून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग तेल.

तपासणी करायची ती अशी. घरातली पोरंबाळं बाहेर काढा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, खिशात एकही नको. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा, दोन्ही करा. नळी मातीच्या भिंतीकडे किंवा जमिनीकडे. बोल्ट बंद करून सेफ्टी लावा, चाप नेहमीपेक्षा जरा जोरातच ओढा, सोडा, मग बोट बाहेर ठेवून सेफ्टी काढा. टक्क आवाज आला तर ती बंदूक या हंगामात वापरायची नाही, विषय संपला. नाही आला तर आता चाप ओढून बघा, आता मात्र टक्क व्हायला हवं. हे पाच-सहा वेळा करा कारण अडकणारा दात दर वेळी अडकत नाही. मग पुन्हा बोल्ट चढवा, या वेळी सेफ्टी न लावता दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) रबरी पायपुसण्यावर वीतभर उंचीवरून आपटा, पिन सुटता कामा नये. नंतर सेफ्टी लावून तेच. रिकाम्या बंदुकीचा चाप सारखा ओढायचा नसेल तर नकली काडतूस मिळतं, ते नळीत घाला म्हणजे पिनच्या टोकाला त्रास नाही.

पिन सुटली तर स्वतः कानस घेऊन बसू नका, हे हात जोडून सांगतो. सिअरचा कोन केसभर बदलला की बंदूक स्वतःच्या मनाने चालायला लागते. चाप हलका करून घ्यायचीही एक हौस असते, स्प्रिंगची दोन वेटोळी कापून टाकायची, ते तर नकोच. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे परवाना सोबत घेऊन जा. आणि दोघा भावांच्या दोन ३१५ असतील तर बोल्टची अदलाबदल करू नका, बोल्टवर नंबर असतो तो त्याच रायफलीचा, दुसऱ्या रायफलीत तो बसतो पण काडतुसामागची फट चुकीची होऊ शकते आणि त्यात काडतूस फुटू शकतं.

अजून एक गोष्ट जी फार कमी जणांना माहिती असते. ३१५ ची सेफ्टी मागे असली की बोल्टही कुलूपबंद होतो. जंगलातून चालताना झुडपात अडकून बोल्ट उघडत नाही हा फायदा, पण तोटा असा की नळीतलं काडतूस काढायचं तर आधी सेफ्टी काढावीच लागते. म्हणजे दमलेला माणूस पहाटे चारला माळ्यावरून उतरलाय, हात गारठलेत आणि बंदूक रिकामी करायच्या नेमक्या त्या क्षणी ती फायरवर आहे. अमेरिकेत रेमिंग्टनच्या ७०० मॉडेलला हीच अडचण होती, दोनच खाचांची सेफ्टी आणि ती लागली की बोल्ट बंद, रिकामी करताना सेफ्टी काढली आणि बार उडाला असे अपघात झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटी कंपनीने १९८२ मध्ये ते बोल्टचं कुलूप काढून टाकलं. जर्मन माउझरने तर १८९८ मध्येच यावर उपाय केलेला होता, त्याची सेफ्टी बोल्टच्या मागे पंखासारखी, तिला तीन जागा. मागून बघितलं तर डावीकडे फायर, उजवीकडे पूर्ण बंद, आणि सरळ उभी केली की पिन बंद पण बोल्ट उघडतो, म्हणजे सेफ ठेवूनच काडतूस बाहेर काढता येतं. विंचेस्टरच्या १९३६ च्या मॉडेल ७० मध्ये पण तीन जागा आहेत. तुमच्याकडे आजोबांची अशी जुनी परदेशी रायफल असेल तर मधल्या जागेची सवय करा. आपल्या ३१५ ला ही मधली जागा नाही, त्यामुळे रिकामी करताना नळी कुठे आहे हे आधी, सेफ्टी नंतर. आणि क्रम चुकवू नका, मॅगझिन पहिलं बाहेर, मग सेफ्टी, मग बोल्ट, नाहीतर बोल्ट मागे-पुढे केल्यावर वरचं काडतूस परत नळीत जातं.

सेफ्टी मागे आहे म्हणजे बंदूक चढवलेली (पिनची स्प्रिंग दाबलेली) आहे की उतरलेली, हे पण कळत नाही, कारण ती दोन्ही स्थितीत लागते. ते कळतं मागच्या बोंडावरून, बाहेर आलेलं असेल तर चढलेली. अंधारात अंगठा फिरवून हे कळलं पाहिजे, घरी डोळे मिटून सवय करा.

आता १२ बोअरवाल्यांना आणि ठासणीवाल्यांना (ठासणी म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक), कारण खरं तर शेतीसंरक्षणाचा परवाना मिळतो तो कायद्याप्रमाणे ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. रायफल ज्यांच्याकडे आहे ती वेगळ्या कारणाच्या परवान्यावर असते, म्हणून तुमच्या परवान्यावर कारण आणि क्षेत्र काय लिहिलंय ते आधी वाचा. तर १२ बोअर दुनळीची सेफ्टी अंगठ्याखाली सरकणारी, ती बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवते, आतले घोडे (ठोका मारणारे हातोडे) चढलेलेच राहतात, दगडावर पडली तर घोडा सुटू शकतो. काही दुनळ्या उघडल्या की सेफ्टी आपोआप लागते, काहींची लागत नाही, तुमची कुठली ते घरीच बघून ठेवा. ठासणीच्या बंदुकीला सेफ्टी नसतेच, घोडा अर्धा ओढून अडकवायची खाच हाच काय तो आधार आणि जुन्या बंदुकांत ती खाच झिजून गुळगुळीत झालेली असते. तिथे उपाय एकच, जनावर समोर दिसेपर्यंत टोपी (घोड्याच्या ठोक्याने बार पेटवणारी छोटी कॅप) चढवायची नाही.

आणि कुठलीही बंदूक असो, माळ्यावर चढताना, वहाळ ओलांडताना, कुंपणाखालून जाताना नळी रिकामी आणि बोल्ट उघडा. माळ्यावर चढायचं तर खालच्याने रिकामी बंदूक दस्त्याकडून वर द्यायची, दोरीने नळी धरून ओढायची नाही. नळीत काडतूस घालायचं ते वर नीट बसल्यावर, आणि बॅटरीच्या उजेडात पूर्ण जनावर दिसल्यावरच सेफ्टीला हात, नुसती हालचाल किंवा आवाज पुरेसा नाही, पलीकडच्या कुणग्यातला राखणदार पण हालचाल करतो आणि त्याच्या पायाखाली पण पालापाचोळा वाजतो. ३१५ ची गोळी किलोमीटरच्याही पुढे जाते, मागे माती हवी, वाडीचे दिवे नकोत.

कायद्याचं थोडक्यात, कारण यात शेतकरीच अडकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला किंवा विदर्भातल्या रोह्याला (नीलगायीला) मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते, अर्ज वनक्षेत्रपालांकडे करा, सोबत सातबारा आणि नुकसानीचे फोटो जोडा. गवा, मोर यांच्याकडे बंदूक वळवायचीच नाही, नुकसान कितीही होऊ दे, तिथे पंचनामा आणि भरपाईचा अर्ज. बंदुकीचा परवाना पाच वर्षांचा असतो, तारीख आजच बघा. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणली असेल तर ती पण पेटीतून काढल्यासारखीच समजा, वरची सगळी तपासणी पहिल्यापासून करा, कारण तिथे ती ढिगात पडून असते आणि तेल पुसायला कुणी नसतं.

भात घरात आलं की बंदूक परत ठेवताना कापडी किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरतं आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत आत गंज चढतो. रिकामी नळी पुसून, हलका तेलाचा हात देऊन लोखंडी कपाटात उभी ठेवा, पिन उतरवलेली, म्हणजे स्प्रिंगला विसावा. बोल्ट वेगळ्या खणात, काडतुसं तिसऱ्या, आणि किल्ली पोरांना माहीत नसलेल्या जागी. दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा काढून पुसा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा.