लॅमिंग्टन रोडवरचा जुना लॅपटॉप प्रोग्रामिंगला लावताना

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला गेलात (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), की कंपन्यांनी मोडीत काढलेले लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हारीने मांडलेले दिसतात. त्यांतले इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप विशेष स्वस्त मिळतात. विंडोज ११ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं, आणि विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केली तर मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची आहे. भाव उतरलाय तो एवढ्यासाठी. लॅपटॉप स्वतः ठणठणीत असू शकतो.

दुकानदार म्हणेल, ‘बायपास करून अकरा टाकून देतो.’ नको म्हणा. यादीत नसलेल्या हार्डवेअरवर अपडेट येत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. काउंटरवर ‘ॲक्टिव्हेट’ करून दिलेल्या विंडोजचं तर नावच काढू नका. क्रॅक करणारा प्रोग्राम ॲडमिनच्या अधिकाराने चालतो, आणि त्याच्या पोटात आणखी काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. ऑपरेटिंग सिस्टिम कुठली चांगली यावर रात्रभर वाद घालता येईल. सुरक्षेपुरता प्रश्न एकच आहे: सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं की ते बुजवणारा पॅच तुमच्या मशीनवर किती दिवसांत पोचतो? या लॅपटॉपांवर त्याचं सरळ उत्तर लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. मिंटची ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत पॅच मिळणार आहेत.

एक अपवाद आधीच सांगितलेला बरा. घरात टॅली चालत असेल, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरात असेल किंवा कॉलेजची ऑनलाइन परीक्षा विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर होत असेल, तर मिंटच्या फंदात पडू नका. थोडे पैसे घालून आठव्या पिढीचा लॅपटॉप घ्या.

दुकानातच तपासा

जाताना मिंटची पेनड्राइव्ह सोबत न्या (ती कशी करायची ते खाली आहे). आधी बायोस (मशीन सुरू होतानाच कळ दाबून उघडणारी मूळ सेटिंग्ज) उघडा: थिंकपॅडला एफ-१, डेलला एफ-२, एचपीला एफ-१०. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला तर लॅपटॉप खाली ठेवा. थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये राहतो, त्यामुळे आतली बटणासारखी बॅटरी काढून तो जात नाही.

मग पेनड्राइव्हवरून मिंट चालू करा. लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं पाहता येतं. ‘डिस्क्स’मध्ये स्मार्ट रिपोर्ट (डिस्कच्या तब्येतीचा) उघडून रीॲलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्याने बदललेल्या जागांचा) आकडा वाढलेला नाही ना, ते बघा. ‘पॉवर स्टॅटिस्टिक्स’मध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी-शेजारी दिसते, ४८ वॉट-अवरची बॅटरी २५वर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे हिशेबात धरूनच घासाघीस करा. शेवटी मोबाइलचा टॉर्च मारून यूएसबी आणि चार्जिंगच्या पोर्टमध्ये डोकवा. समुद्राकाठच्या दमट हवेत राहिलेल्या मशीनमध्ये तिथे हिरवट थर दिसतो, आणि तो एका पोर्टपुरता क्वचितच असतो.

रॅम ८ जीबी आणि २५६ जीबीची एसएसडी पुरते. फिरती हार्ड डिस्क असेल तर ती त्याच दुकानात बदलून घ्या. गर्दीच्या लोकलमध्ये बॅगेला धक्के बसणारच, आणि झाकण मिटूनही झोपी न गेलेल्या लॅपटॉपची फिरती डिस्क त्यात मरते.

पेनड्राइव्ह

८ जीबीची पेनड्राइव्ह घ्या. मिंटची आयएसओ फाइल (सगळी सिस्टिम एका फाइलीत) ३ जीबीच्या आसपास असते. ती रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहायची. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई या तीन चवींपैकी रॅम ४ जीबीच असेल तर एक्सएफसीई, नाहीतर सिनॅमन.

लिहिण्याआधी आयएसओचा शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरातून काढलेला ठसा) मिंटच्या स्थळावर दिलेल्या हॅशशी जुळवा. विंडोजवर पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश ही आज्ञा तो काढून देते: ६४ अक्षरांची ओळ. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून उठू नका, पूर्ण ओळ तपासा. हे शास्त्रापुरतं नाही. २० फेब्रुवारी २०१६ला मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमनची डाउनलोड लिंक मागचं दार बसवलेल्या आयएसओकडे वळवली गेली. जो लिंक बदलू शकतो तो त्याच पानावरचा हॅशही बदलू शकतो. म्हणून हॅशच्या फाइलवरची जीपीजी सही (मिंटवाल्यांची डिजिटल सही) तपासणं ही खरी पायरी. ती जमत नसेल तर निदान आयएसओ एका मिरर (फाइलींची प्रत ठेवणाऱ्या) सर्व्हरवरून आणि हॅश मूळ स्थळावरून घ्या.

बसवताना अडतं ते इथे

बूट मेनू थिंकपॅड आणि डेलवर एफ-१२ने, एचपीवर एफ-९ने उघडतो. इन्स्टॉलर सरळ आहे, पण तीन जागी लोक हमखास अडकतात.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही: बायोसमध्ये साटा (डिस्कची जोडणी) ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’वर ठेवलेलं असतं. ते ‘एएचसीआय’ करा. जुनं विंडोज ठेवायचं असेल तर मात्र हा बदल परस्पर करू नका, ते बूट व्हायचं थांबतं.

डिस्क एन्क्रिप्ट करायला विसरतात: ‘इरेज डिस्क’ निवडताना ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडायची पद्धत) यासोबत एन्क्रिप्शनचा पर्याय असतो. तो घ्याच. लोकलमध्ये बॅग गेली तर लॅपटॉप जाईल, पण त्यातले पासवर्ड आणि आधारचे स्कॅन कुणाच्या हाती लागणार नाहीत. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण बूटच्या वेळी मराठी कीबोर्ड मिळत नाही. आणि हा पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला. कुठलाही ‘रिकव्हरीवाला’ तो काढून देऊ शकत नाही.

निळा पडदा: सिक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड बूट होऊ देणारी सोय) चालू असताना मल्टिमीडिया कोडेक किंवा ड्रायव्हर निवडलेत तर इन्स्टॉलर एक तात्पुरता पासवर्ड मागतो. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ब्रॉडकॉमचं वायफाय किंवा एनव्हिडियाचं ग्राफिक्स चालत नाही, आणि मग शिव्या लिनक्सला बसतात. वायफाय नसेल तेव्हा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट मिळालं की ‘ड्रायव्हर मॅनेजर’ बाकीचं बघतो.

बसवून झाल्यावर आधी टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणारा प्रोग्राम) लावा, पण रोजच्या दोन-तीन प्रतीच ठेवा, नाहीतर छोटी एसएसडी भरून जाईल. टाइमशिफ्ट सिस्टिम जपतं; तुमच्या फाइलींचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. त्यानंतर अपडेट मॅनेजरमध्ये अपडेट आपोआप बसण्याचा पर्याय चालू करा.

ब्राउझर

ब्राउझर हा तुमच्या मशीनवरचा एकमेव प्रोग्राम, जो दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड चालवतो. त्याच्या पोटातला मोठा भाग सी++मध्ये लिहिलेला आहे. क्रोमच्या टीमने २०२०मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे त्यांच्या गंभीर सुरक्षा-चुकांपैकी सुमारे ७० टक्के चुका मेमरी नीट न हाताळल्यामुळे झालेल्या होत्या. मायक्रोसॉफ्टनेही आदल्या वर्षी आपल्या उत्पादनांबद्दल जवळपास हाच आकडा सांगितला होता. त्यामुळे कोपऱ्यात ‘रीस्टार्ट टू अपडेट’ दिसत असताना चाळीस टॅब उघडे ठेवून चार दिवस काढणं हा धोका आहे. पॅच डाउनलोड झाला तरी ब्राउझर बंद करून उघडेपर्यंत जुनाच कोड चालत असतो.

मिंटवर फायरफॉक्स आलेलाच असतो, तोच ठेवा. युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) पूर्ण ताकदीने त्यावरच चालतं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती वापरावी लागते. याखेरीज एक्स्टेन्शन घालू नका. ‘सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचा आणि बदला’ ही परवानगी मागणारं कूपन शोधणारं एक्स्टेन्शन तुमच्या बँकेचं पानही वाचू शकतं. आज ते सज्जन असेल, उद्या मालक बदलला की तोच कोड अपडेटमधून वेगळं काही करू लागतो.

सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन एचटीटीपीएस-ओन्ली मोड (फक्त एन्क्रिप्ट केलेली पानं उघडणारा) सगळ्या विंडोंसाठी चालू करा. तिथेच नोटिफिकेशनच्या नव्या विनंत्या अडवा. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा बऱ्याच घाबरवण्या कधीतरी दाबलेल्या ‘अलाउ’मधून येतात. स्टेशनच्या मोफत वायफायवर ओटीपीचं पान उघडेना झालं तर एचटीटीपीएस-ओन्ली बंद करू नका. फायरफॉक्स वर ‘नेटवर्कवर लॉगिन करा’ अशी पट्टी दाखवतो, तिच्यातून जा.

बँकेसाठी पत्त्याच्या पट्टीत about:profiles लिहून वेगळं प्रोफाइल करा, एकही एक्स्टेन्शन नसलेलं. पत्त्याशेजारचं कुलूप फक्त मधल्या वाटेवर कुणी ऐकत नाही एवढंच सांगतं. पलीकडे बँक आहे की चोर, ते सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवर यायला सांगितलं होतं, आणि ही नावं बँकांनाच मिळतात. पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा: सुरुवातीच्या ‘https://’मधल्या रेघा सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे आहे तेच खरं नाव. ‘बँक डॉट इन’ मध्येच कुठेतरी आलं असेल तर ते सोंग आहे. पासवर्ड मॅनेजर हे काम तुमच्यापेक्षा चोख करतो. पत्ता जुळला नाही की तो पासवर्ड भरतच नाही, आणि तेव्हा हाताने पेस्ट करण्याची खुमखुमी आवरायची.

भाषा

पहिली भाषा पायथन, दुसरी सी, आणि दोन्ही अंगवळणी पडल्यावर रस्ट. नोकरीच्या जाहिराती बघून क्रम ठरवू नका.

पायथन मिंटमध्ये असतंच, कारण सिस्टिमची बरीच अवजारं त्यावर चालतात. म्हणूनच पिपने (पायथनची पॅकेज बसवणारी आज्ञा) थेट पॅकेज बसवायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार मिळतो. नेटवर सापडणारा ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’चा तोडगा नावाप्रमाणेच वागतो. प्रत्येक प्रकल्पाला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांची वेगळी खोली) करा.

सी शिकायचं ते ब्राउझरचे पॅच का येतात हे हातांनी कळावं म्हणून. ‘बिल्ड-इसेन्शियल’ (सीचा कंपाइलर जीसीसी आणि सोबतची अवजारं) बसवा. दहा आकड्यांचा ॲरे घ्या आणि लूपमध्ये ‘पेक्षा लहान’ऐवजी ‘लहान किंवा समान’ लिहा. लूप अकराव्या जागी लिहितो, ती जागा तुमची नाही, तरी प्रोग्राम बहुधा काहीच न झाल्यासारखा संपतो. आता तोच कोड डीबग माहितीसकट आणि जीसीसीचा ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) लावून कंपाइल करा: तो ‘स्टॅक बफर ओव्हरफ्लो’ म्हणत नेमक्या ओळीवर थांबतो. पायथन अशा वेळी इंडेक्स एरर देतं, रस्ट पॅनिक करून थांबतं. गप्प राहतं ते सी, आणि त्या गप्प बसण्यातूनच हल्लेखोर आत शिरतो. सी शिकताना सॅनिटायझर कायम चालू ठेवा.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी आणखी एक प्रयोग करावा: ‘मुंबई’ या शब्दाची लांबी विचारा. सीमधलं स्ट्रलेन १५ सांगतं, रस्टमधलं लेनही १५, पायथन ५ आणि ॲपलची स्विफ्ट ३. चौघेही बरोबर आहेत. यूटीएफ-८मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी ५ चिन्हं झाली. डोळ्यांना दिसतात ती अक्षरं ३. डेटाबेसमध्ये १० बाइटचा रकाना ठेवून नाव कापलंत तर तीन चिन्हं आणि तुटलेल्या ‘ब’चा एक बाइट उरतो, आणि पडद्यावर काळा चौकोन उमटतो. पायथनमध्ये पहिलं एकच चिन्ह घेतलंत तर नुसता ‘म’ येतो, उकार मागेच राहतो. मजकूर कापायचा तर ग्राफीम क्लस्टरच्या (डोळ्यांना दिसणाऱ्या एका अक्षराच्या) सीमेवर कापा. पायथनमध्ये त्यासाठी रेजेक्स हे मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं, सोबत येणारं ‘आरई’ ते काम करत नाही.