कुत्र्याला पेनकिलर सुरू केलीय? आमच्या हातून झालेल्या या चुका टाळा

चिंगी आमची लॅब्रॅडॉर, ११ वर्षांची. घर पुण्यात सहकारनगरला, तळजाई टेकडीजवळच, त्यामुळे पहाटेची टेकडी तिने कधी चुकवली नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र तिचे मागचे पाय आखडायला लागले. फरशीवरून उठताना घसरायची, जिन्यापाशी येऊन थांबायची आणि माझ्याकडे बघत राहायची. डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि मेलॉक्सिकॅम या पेनकिलरची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती जिना आपणहून चढली. आईने तिची दृष्ट काढली. सातव्या दिवशी चिंगी गेली. जठरात अल्सर होऊन तो फुटला होता.

संधिवात झालेल्या असंख्य कुत्र्यांना ही गोळी आराम देते, चिंगीलाही दिला होता. चुकलं ते गोळीच्या आधी आणि गोळी चालू असताना.

"दुसरं काही औषध चालू नाही"

डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरं काही चालू आहे का? मी "नाही" म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं. दोन आठवड्यांपूर्वी पावसाळी खाजेसाठी तिला दुसऱ्या एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं होतं. एकदाच टोचलं, खाज थांबली, विषय संपला. ते दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड होतं आणि त्याचा असर शरीरात काही आठवडे राहतो, हे मला चिंगी गेल्यावर कळलं.

आपल्या जठराला आतून एक चिकट अस्तर असतं, ते आम्लापासून त्याला वाचवतं. हे अस्तर टिकवणारी आणि मूत्रपिंडाला पुरेसं रक्त पोहोचवणारी रसायनं म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. दुखणं आणि सूज कमी करताना मेलॉक्सिकॅमसारखी पेनकिलर नेमकी हीच रसायनं कमी करते. स्टेरॉइडही तेच करतं. दोन्ही एकत्र आली की जठर उघडं पडतं. म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाताना साधारण पाच ते सात दिवस मोकळे ठेवतात, आणि इंजेक्शन दीर्घकाळाचं असेल तर त्याहून बरेच जास्त. एक पेनकिलर बदलून दुसरी देतानाही असंच अंतर लागतं.

तेव्हा "खाजेचं इंजेक्शन", "तापाचं इंजेक्शन" एवढ्यावर समाधान मानू नका. औषधाचं नाव फाइलमध्ये लिहून मागा. दवाखाना बदललात तरी फाइल एकच ठेवा.

कोर्स पूर्ण करायच्या नादात

ही माझी सगळ्यात मोठी चूक.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंगीने दहीभाताचं भांडं हुंगलं आणि तोंड फिरवलं. जिने ११ वर्षांत भांडं चाटून पुसून ठेवलं, तिने! आम्ही म्हटलं, पावसाळी हवा आहे, पोट जड असेल. चौथ्या दिवशी दोनदा पिवळा फेस ओकली. तरी माझ्या डोक्यात एकच, कोर्स अर्धवट सोडायचा नसतो. हा नियम अँटिबायोटिकचा आहे, पेनकिलरचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. जेवत नव्हती, म्हणून मी गोळी पेढ्यात दाबून तिच्यापुढे धरली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग हळूच दातांच्या टोकाने पेढा उचलला. भूक नव्हतीच तिला. मी देतेय म्हणून घेतला.

पाचव्या दिवशी तळजाईवर तिला शी झाली ती काळीकुट्ट, डांबरासारखी चिकट, उग्र वासाची. झुंजूमुंजू उजेड, वर पाऊस. पिशवीत उचलताना वाटलं, लोहाच्या टॉनिकने झालं असेल. टॉनिकनेही शी काळी होते, हे खरं आहे. पण ओल्या पांढऱ्या कागदावर थोडी दाबून बघितली असती तर कडेला लालसर डाग उमटला असता. काळी शी म्हणजे जठरात किंवा आतड्यात झालेला, पचून खाली आलेला रक्तस्राव.

सहाव्या दिवशी ती उठली नाही. हिरड्या नेहमीच्या गुलाबी, त्या दिवशी कागदासारख्या पांढऱ्या. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. रात्री ऑपरेशन केलं, पहाटे ती गेली.

पेनकिलर चालू असताना जेवण सोडणं, उलटी, जुलाब, काळी शी, एकदम जास्त पाणी पिणं आणि जास्त लघवी, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या पडणं, गळून जाणं, यातलं काहीही एक दिसलं की पुढची गोळी देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. उद्यापर्यंत वाट बघू नका. पेनकिलरचा एक डोस चुकला तर फार तर पाय दुखतील. (स्टेरॉइडच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही. त्या चालू असतील तर एकदम बंद न करता आधी विचारा.) वेळेत पोहोचलात तर सलाइन, आम्ल कमी करणारी औषधं, जठराला लेप देणारं सुक्राल्फेट, असं बरंच काही करता येतं.

रक्ततपासणी पुढे ढकलणं

"म्हातारीला सुया कशाला टोचायच्या" म्हणून आम्ही टाळली. गोळी सुरू करण्याआधी मूत्रपिंड, यकृत आणि रक्तपेशींची तपासणी करायला हवी, आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा. क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) वाढतं तोवर मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं, त्यामुळे वरवर ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याचीही तपासणी लागते. पुण्यात पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी असतात. गोचीडतापात प्लेटलेट कमी होतात आणि कुत्रा लंगडतोही. लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा रोग) मूत्रपिंड आणि यकृत आधीच बिघडलेलं असू शकतं. नुसतं लंगडणं बघून पेनकिलर दिली तर रोग झाकला जातो आणि नुकसान वाढतं.

घरातल्या डब्यातली गोळी

हे आमच्याकडे झालं नाही, पण टेकडीवर रोज ऐकते, म्हणून लिहिते. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि नंतर ०.१ मिलिग्रॅम देतात. चार किलोच्या पॉमला (पॉमेरेनियनला) म्हणजे रोज ०.४ मिलिग्रॅम. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. ७.५ ची एक गोळी म्हणजे त्या पॉमला जवळजवळ १९ दिवसांचा डोस एकदम. आयबुप्रोफेन आणि नेप्रोक्सेन या माणसांच्या पेनकिलर तर देऊच नका. नेप्रोक्सेन कुत्र्याच्या अंगात कित्येक दिवस रेंगाळतं. दुखऱ्या पायाला डायक्लोफेनॅकचं जेल चोळणारेही भेटतात. कुत्रा पाय चाटतो आणि ते सरळ पोटात जातं.

एका प्राण्याला चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नसतं. डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली भारतात ते जनावरांसाठी बंद झालं. त्याच्या जागी गिधाडांना सुरक्षित ठरलेलं औषध आलं ते मेलॉक्सिकॅम. आणि आमच्या चिंगीच्या पोटात स्टेरॉइडबरोबर तेच घातक ठरलं.

फ्रिजवरचा कागद

आमच्या शेजारच्या काकूंच्या बीगलला आता हीच गोळी चालू आहे. रक्त तपासून, वजन करून, जुनी फाइल डॉक्टरांपुढे ठेवून मगच सुरू केली. गोळी नेहमी जेवणानंतर, रिकाम्या पोटी कधीच नाही. मी त्यांना फ्रिजवर एक कागद लावून दिलाय: तारीख, गोळीची वेळ, किती जेवला, पाणी, शीचा रंग, उलटी. खाली दिवसाच्या डॉक्टरांचा नंबर, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि बीगलचं वजन. गोळीच्या पाकिटाचा फोटो काकांच्या आणि काकूंच्या, दोघांच्याही फोनमध्ये आहे. मागच्या मंगळवारी "किती जेवला" समोर काकूंनी "अर्धं" लिहिलं, गोळी हातातली खाली ठेवली आणि आधी डॉक्टरांना फोन लावला.