शंका म्हणजे डाउट नव्हे

मी 2001 साली उदगीरहून मुंबईत आलो आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग ऑफिसात डॉक्युमेंटेशनला लागलो. खोली, पास, डबा हे आठवडाभरात मार्गी लागतं. गावाकडचं कुणी ना कुणी भेटतंच. इंग्रजी मेल कसा लिहायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

पहिल्याच महिन्यात लंडनच्या एका पार्टीला मी लिहिलं, 'आय हॅव अ डाउट इन युअर इन्व्हॉइस.' दिलेलं वजन नेट (नुसत्या मालाचं) की ग्रॉस (पॅकिंगसकट), एवढंच विचारायचं होतं. त्यांना वाटलं, मी बिलावर संशय घेतोय. साहेबांना फोन आला, दोन दिवस कागद अडकले. आपल्याकडे मास्तर वर्गात 'काही शंका?' म्हणतात, त्यात संशय नसतो. इंग्रजी डाउटमध्ये तो असतो. विचारायचं असेल तिथे 'क्वेश्चन' लिहा.

बऱ्याच चुका अशा मराठीतूनच उतरतात. डोक्यात 'आज सकाळी' असतं म्हणून 'टुडे मॉर्निंग' लिहिलं जातं. हवं 'धिस मॉर्निंग'. 'काल रात्री'चं 'लास्ट नाइट'. 'डिस्कस'ला 'अबाउट' जोडू नका, 'बद्दल' त्याच्या पोटातच आहे.

'डू द नीडफुल'ची, म्हणजे 'योग्य ते करा'ची, गोष्ट वेगळी. हे जुनं ब्रिटिश कचेरीचं इंग्रजी. तिकडे मागे पडलं, आपल्याकडे टिकलं. फोर्टातल्या ऑफिसांत ते खुशाल चालतं. पण बाहेरच्या माणसाला नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. कामच लिहा: 'प्लीज साइन पेज टू अँड सेंड इट बाय फ्रायडे.' 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं. उत्तर हवं असेल तर 'रिप्लाय'. 'प्रीपोन'ची, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणण्याच्या शब्दाची, लाज बाळगू नका, ऑक्सफर्डच्या कोशात तो भारतीय इंग्रजी म्हणून आहे. परदेशी पार्टीला मात्र नवी तारीख आणि वेळच कळवा.

नोकरीच्या अर्जात 'आय पास्ड आउट इन 2019' लिहू नका. बाहेरचा माणूस 'बेशुद्ध पडलो' असं वाचेल. 'ग्रॅज्युएटेड' लिहा. आणि शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर' नाही, 'टू हिअरिंग'.

पहिले काही दिवस मेल पाठवण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या जुन्या माणसाला दाखवा, संकोच करू नका. आमच्या सेक्शनला नवीन आलेल्या पोरांचे मेल मी अजूनही संध्याकाळी, कुरिअरवाला गेला की, त्यांच्या शेजारी बसून वाचतो.